ड्रिल मशीन आणि आपले हात

(यवतमाळ जिल्ह्यातील महागाव येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बॅटरीवरच्या ड्रिल मशीनचा सुरक्षित वापर आणि देखभाल’ असं छापलंय. मघाशी चहाच्या वेळी एक आजी मला म्हणाल्या, “बाई, तुमाले हक्काचं बोलाले बोलावलं, अन् तुमी मशीन घेऊन आल्या काहून?” आजी, हे मशीन टेबलावर ठेवलंय ते हक्काचंच बोलण्यासाठी. पण त्याला हात लावण्याआधी थोडं मागे जाऊ.

जातं बाईचं होतं. पहाटे उठून तिनंच ओढायचं, त्याचा मोबदला नव्हता आणि त्याला कुणी काम म्हणतही नव्हतं. पुढे गिरणी आली. बाईच्या दंडावरचा भार हलका झाला, हे चांगलंच झालं. जात्याची आठवण काढून गहिवरणाऱ्यांपैकी मी नाही. पण गिरणीला पट्टा लागला, दळणाचे पैसे मिळू लागले आणि गिरणीवर बाप्या बसला. बाई डबा डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहिली. बांधकामावर जाऊन बघा. घमेलं बाईच्या डोक्यावर, आणि मशीन ज्याच्या हातात तो मिस्त्री. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण मिस्त्रीची मजुरी वेगळी आणि घमेलं वाहणारीची वेगळी, कारण काम ‘वेगळं’ आहे. ते वेगळं कशानं झालं? बऱ्याच वेळा एका यंत्रानं, जे तिला कधी हातात धरू दिलं नाही.

आणि धरू न देण्याचं कारण काय सांगतात? तुझ्याच भल्यासाठी. लागेल, कापेल, शॉक बसेल. १९४८ च्या कारखाना कायद्यात बाविसावं कलम होतं. चालू यंत्राचे ठराविक भाग पुसायला, त्यांना तेल घालायला किंवा ते जुळवायला बाई आणि अल्पवयीन मुलांना मनाई. सत्ताविसावं कलम तर आपल्या कापसाच्या मुलखाचंच. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारं यंत्र जिथं चालतं, त्या भागात बाई आणि मूल यांना कामाला ठेवायचं नाही. मध्ये छतापर्यंत भिंत असेल तर जिकडून कापूस आत घालतात त्या बाजूला बाईला ठेवता येईल. हा कायदा करणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. ते यंत्र हात खेचून घेतंच. पण बाप्याचा हात काय लोखंडाचा होता? यंत्राला सगळ्यांसाठी झाकण बसवायचं, सगळ्यांना शिकवायचं, यापेक्षा बाईला भिंतीपलीकडे ठेवणं सोपं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि सुरक्षिततेच्या संहितेत बाईला सर्व प्रकारची कामं करता येतील असं लिहिलंय. कागदावर भिंत पडली. हाताला सवय मात्र कागदानं लागत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसती चिथावून जाते. धोका खोटा नाही. मळणी यंत्रात पदर, वेणी, हात गेल्याचं तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलंय, काहींनी पाहिलंही असेल. आणि २०१७ साल आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मागे राहिलेल्या बायकांना काय ऐकावं लागलं? त्यानं काळजी घेतली नाही, तोंडाला बांधलं नाही. बारीक अक्षरातली सूचना त्याला कुणी वाचून दाखवली होती का, तोंडाला बांधायला काही दिलं होतं का, हे नंतरचे प्रश्न. म्हणून सुरक्षितता म्हणजे माहिती, आणि ती ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्या भाषेत हवी. या ड्रिलच्या डब्यात सूचनांची पुस्तिका निघाली, ती इंग्रजीत होती. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानदाराला मराठीत मागा. तो हसेल, तरी मागा. आज ती पुस्तिका मी तोंडानं सांगते.

आता मशीनकडे येऊ. सुताराचं गिरमिट तुम्ही पाहिलंय, हे त्याचंच विजेवरचं भावंड. वायरऐवजी बॅटरीवर चालणारं पहिलं ड्रिल १९६१ साली अमेरिकेत बाजारात आलं. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरची माती काढायला असलं बॅटरीचं ड्रिल नेलं. तिथं त्यांची नळी जमिनीत अशी रुतली की उपसून काढायला दोघांना जोर लावावा लागला. हे ध्यानात ठेवा, कारण रुतणं हाच ड्रिलचा मोठा अवगुण आहे, त्यावर पुढे बोलूच.

वजन किती? बॅटरीसकट साधारण दीड किलो. पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलो होतो. तो डोक्यावर घेऊन चालणारीला “तुला पेलवायचं नाही” असं सांगतात तेव्हा मला हसू येतं. मूठ मात्र बाप्याच्या पंजाच्या मापाची केलेली असते, हे खरं. म्हणून घेताना दुकानात हातात धरून पाहा. बोट सहज खटक्यावर पोचलं पाहिजे. बारा व्होल्टचं मशीन लहान असतं, लाकूड आणि टिनाच्या कामाला पुरतं. विटेच्या भिंतीत नेहमी भोकं पाडायची तर अठरा व्होल्टचं आणि ‘हॅमर’ असलेलं घ्या. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. अठरा आणि वीस असं वेगवेगळं छापतात, पण आत पाचच सेल असतात. काम करताना ते अठरा भरतात, नुकती चार्ज केलेली बॅटरी वीसच्या आसपास दाखवते. एकच वस्तू, दोन नावं.

पुढे हा चक, यात बिट बसतो. मागे ही आकड्यांची कडी. लहान आकड्यावर ठेवली तर थोडा जोर पडताच आतून कटकट आवाज येतो आणि फिरणं थांबतं. मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका, ते तुमचं मनगट आणि स्क्रूचं डोकं वाचवतंय. स्क्रू बसवताना लहान आकडा, भोक पाडताना बिटाचं चित्र, भिंतीला हातोड्याचं चित्र. वरचा खटका १ वर म्हणजे हळू आणि जोर जास्त, २ वर म्हणजे वेग. तो मशीन पूर्ण थांबल्यावरच सरकवायचा, नाहीतर आतले दाते झिजतात. बाजूचं बटण सुलटं-उलटं फिरवण्याचं. ते बरोबर मध्ये ठेवलं की खटका दाबलाच जात नाही. एकीकडून दुसरीकडे मशीन देताना, शिडी चढताना ते मध्येच असलं पाहिजे. बिट बदलताना तर बॅटरीच काढून ठेवायची. वायरच्या मशीनची पिन काढली की ते मेलं हे डोळ्यांना दिसतं. हे मशीन कायम जिवंत असतं, खटक्यावर बोट पडलं की फिरतं. घरात लहान लेकरं असतील तर बॅटरी वेगळी आणि उंचावर ठेवायची.

कपड्यांचं बोलू, कारण पुस्तिकेत ‘सैल कपडे, दागिने, लांब केस नकोत’ अशी एक ओळ असते आणि ती वाचून वाटतं की हे यंत्र बाईसाठी नाहीच. तुम्ही कापूस वेचायला जाता तेव्हा काय घालता? साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. तोच घाला. मनगटाची बटणं लावा, पदर शर्टाच्या आत खोचा, वेणीचा अंबाडा बांधून वरून रुमाल. ओढणी असेल तर काढूनच ठेवा. बांगड्या काढता आल्या तर उत्तम. काचेच्या काढायच्या नसतील तर त्या वर सरकवून घट्ट पट्टी गुंडाळा आणि वरून शर्टाची बाही. मंगळसूत्र काढायचं की नाही हा वाद आज इथं नको, त्यावर वेगळं शिबिर लागेल. पण ते ब्लाउजच्या आत गेलंच पाहिजे, लोंबता कामा नये. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. कापडी मोज्याचा धागा फिरत्या बिटात गेला की मोज्याबरोबर बोटही जातं. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि भिंतीत भोक पाडताना नाकातोंडावर धूळ रोखणारा मास्क. विटेची, सिमेंटची बारीक धूळ छातीत बसते. दगडखाणीतल्या मजुरांची छाती तिनंच निकामी होते. भोकाच्या खाली कागदाचं पाकीट चिकटवलं तर बरीच धूळ त्यात पडते आणि झाडूही कमी मारावा लागतो.

वीज. बॅटरीचं मशीन आहे म्हणून शॉक बसणारच नाही, ही समजूत जीवघेणी आहे. भिंतीतल्या चालू वायरीला बिट लागला तर करंट मशीनच्या लोखंडी भागातून हातात येऊ शकतो. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. वायर सहसा याच वाटांनी गेलेली असते. नळाच्या वर-खालीही नाही. आणि या मशीनचा एक मोठा फायदा आपण वापरत नाही. याला घरातली वीज लागत नाही, म्हणून भोक पाडण्याआधी मेन स्विच बंद करता येतो. वायरच्या ड्रिलला ही सोय कुठून असणार? अर्थिंग धड नसलेल्या आपल्या घरांत ही एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ झालं.

आता रुतण्याचं. बिट अडकतो आणि मशीन फिरतच राहतं, तेव्हा ते तुमचं मनगट पिरगळतं. टिनाच्या पत्र्यात हे हमखास होतं, बिट पलीकडे निघता निघता पत्रा पकडतो आणि अख्खा पत्रा गरकन फिरतो. पत्र्याची धार म्हणजे विळाच. म्हणून पत्र्यामागे लाकडाची फळी लावा, दोन्ही एकत्र घट्ट आवळा आणि शेवटी जोर कमी करा. एका हातात वस्तू आणि दुसऱ्या हातात मशीन असं कधीच नाही. मशीनला बाजूची मूठ दिली असेल तर ती लावा, दोन्ही हात वापरा. अडकलं की आधी बोट सोडा, मग उलटं बटण दाबून बिट बाहेर घ्या. उभं राहायला शिडी किंवा पक्कं टेबल हवं, उपडा डबा किंवा पिंप नको. भोक पाडल्यावर बिट तापलेला असतो, लगेच हात लावू नका. लोखंडाचा कीस तोंडानं फुंकू नका, ब्रशनं झाडा.

बिट तीन प्रकारचे आणलेत. लाकडाच्या बिटाला मध्ये टोक असतं. लोखंडाचा साधा, टोकाला निमुळता; त्याला वेग कमी ठेवा, थेंबभर तेल द्या आणि आधी पंच मारून खड्डा करा म्हणजे घसरत नाही. भिंतीच्या बिटाच्या टोकाला वेगळ्या धातूची चपटी पाकळी बसवलेली असते, हॅमर फक्त त्यालाच लावायचा. आपल्याकडे कुडाच्या, मातीच्या भिंती अजून आहेत. त्यांत हॅमर लावला तर पोपडे पडतील, प्लॅस्टिकची गिट्टीही धरणार नाही. तिथं लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू घ्यावा. जुन्या विटेच्या भिंतीत सांध्यात न पाडता विटेतच पाडा, सांध्यातली माती स्क्रूला धरत नाही.

हे सगळं कशासाठी शिकायचं, असं मनात आलं असेल. आमच्या गटानं मशीन घेतल्यावर बायकांना विचारलं, पहिलं काम कोणतं? मला वाटलं होतं, फोटो टांगायचा, फळी बसवायची. एकीमागून एक बाई बोलली ती कडीवर. न्हाणीला कडी नाही. शौचालय बांधून मिळालं, पण दाराची कडी निखळून दोन वर्षं झाली, आत बसून दोरी धरून ठेवावी लागते. एकीनं तिच्या झोपायच्या खोलीला आतून कडी मागितली, आणि का हवी ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. घरातल्या बाप्यांना या कडीचं सांगून त्यांची तोंडं दुखली होती. काम वीस मिनिटांचं. कडी बसवण्याची रीत मात्र सांगून ठेवते. बाजारात कडीबरोबर जे बारीक स्क्रू देतात ते एका लाथेत निघतात. दार लाकडाचं असेल तर आरपार भोक पाडून बोल्ट घाला आणि नट आतल्या बाजूनं आवळा. चौकटीतला भागही तितकाच पक्का हवा, नाहीतर कडी टिकते आणि चौकट सुटते. आणि जिथं मारहाण होते त्या घरात एकटीनं मशीन घेऊन जाऊ नका. चौघी जा, दिवसा जा. बाईशी आधी बोलून घ्या, कारण कडी बसवल्याचा राग तिच्यावर निघणार असतो. २००५ च्या कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ते काम आणि हे काम बरोबर चालू द्या.

घर बांधण्या-दुरुस्तीचं बायकांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना किल्लारीची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीच्या कामात गावच्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या, भिंती मजबूत कशा करायच्या ते घरोघर समजावू लागल्या. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात, १९८३ साली डॉ. कलबागांनी सुरू केलेल्या, मुलीही वेल्डिंग आणि वायरिंग शिकतात. आपण काही जगावेगळं करत नाही आहोत.

देखभाल. मशीनपेक्षा बॅटरीला जास्त जपावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि टिनाच्या घरात दुपारी त्याहून जास्त. चाळीसच्या वर तापमान असताना ही बॅटरी चार्ज करू नये. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री लावा, समोर असताना लावा, झोपताना नको. काम करून तापलेली बॅटरी आधी निवू द्या. चार्जर तिच्याबरोबर आलेलाच वापरा. आणि दिवाळीनंतर घरोघरी खोलीभर कापूस पडलेला असतो, भाव येण्याची वाट बघत. त्या खोलीत चार्जिंग करायचं नाही. गॅसचा वास येत असेल किंवा पेट्रोल उघडं असेल तिथं मशीन चालवायचंही नाही, आतल्या मोटारीतून ठिणगी निघते. सुटी बॅटरी खिळ्यांच्या, नाण्यांच्या डब्यात टाकू नका. तिच्या पट्ट्यांना लोखंड जोडलं गेलं की आग लागू शकते. बरेच दिवस काम नसेल तर अर्धी भरून ठेवा, पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा.

फुगलेली, वास येणारी, पडून तडा गेलेली बॅटरी संपली असं समजा. तिला चार्जिंगला लावायचं नाही, गावातल्या मेकॅनिककडून उघडून घ्यायची नाही, आणि चुलीत किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकायची नाही. दुकानात परत द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांची आहे. दुकानदार “आम्ही घेत नाही” म्हणाला तर हे त्याला सांगा.

मशीनला पाणी, रॉकेल, थिनर काही लावायचं नाही. कोरडं फडकं, आणि हवेच्या फटींतली धूळ काढायला जुना दात घासायचा ब्रश. चक खाली धरून उघडा-मिटा करून धूळ झटका. जळका वास, मोठ्या ठिणग्या, मध्येच बंद पडणं, असं झालं तर बहुधा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते जोडीनं बदलतात, मोठा खर्च नाही. ‘ब्रशलेस’ मशीनला ते नसतात. बोथट बिट वापरू नका. बोथट झाला की आपण जास्त दाबतो, मग तो तापतो, अडकतो, बॅटरीही खातो. पावसाळ्यात बिटांना तेलाचा हात फिरवून ठेवा.

शेवटचं, मशीन ठेवायचं कुठं? गटाच्या पैशानं घेतलेलं मशीन अध्यक्षबाईंच्या घरी ठेवलं की महिनाभरात ते त्यांच्या मुलाचं होतं. अध्यक्षबाई रागावू नका, मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. आम्ही एक वही केली. कोण घेऊन गेलं, कुठल्या कामाला, बॅटरी कधी लावली, बिट कोणता तुटला. गावातल्या बाप्यांना मशीन हवं असेल तर देतो, पण मशीनबरोबर आमची बाई जाते आणि भोक तीच पाडते. सुरुवातीला लोक टिंगल करायचे. आता भोकाचे पैसे देतात. ते आधी गटाच्या खात्यात जमा करायचे की तिच्या हातात द्यायचे यावर आमच्यात दोन बैठका भांडण झालं. शेवटी मजुरी तिची आणि बिटाचा, बॅटरीचा खर्च वजा करून राहिलेलं भाडं गटाचं, असं ठरलं. तुमच्याकडे वेगळं ठरेल, पण मशीन घेण्याआधी ठरवा आणि वहीत पहिल्या पानावर लिहा.

बोलणं पुरे. इथं सागाचा ओंडका, टिनाचा तुकडा आणि एक वीट ठेवलीय. दोन चष्मे आहेत, तेव्हा दोघी-दोघींनी यायचं, एक करेल, दुसरी बघून सांगेल. पहिल्यांदा बॅटरी काढलेलं मशीन हातात देणार आहे. चक उघडायचा, बिट बसवायचा, ओढून बघायचा. मग बॅटरी. मागच्या रांगेतून सुरुवात करू. आजी, तुम्ही या आधी.